जळलेल्या माळावरची बोराटी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या चुकतात, अक्षर वाकडं येतं. हे पुढे कुणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं. मला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

कऱ्हाटीजवळ आमची जमीन थोडी, म्हशी दोन. वैरण पुरत नाही. म्हणून शेजारच्या आबांच्या माळावरचं गवत मी दसऱ्याला उभंच विकत घेतलं. दुधाचे साठवलेले पैसे आधीच दिले. कापायला जाणार, तोच कुठून तरी वणवा आला आणि दुपारच्या दुपारी माळ काळा झाला.

आबा म्हणाले, "जळलं ते बरंच झालं गं. समदी काटेरी बोराटी गेली. पुढल्या साली कमरंएवढं गवत ईल, ते तुझंच. पैसं कुठं जात न्हाईत."

मलाही ते पटलं. त्या वर्षी विकतच्या वैरणीवर म्हशी जगवल्या.

उन्हाळ्यात जाता-येता मी माळ बघायची. गवताचे ठोंब वाळून बसलेले, आणि बोराटीच्या जळक्या खुंटांना मात्र पालवी. जिथे एक काटकी जळली तिथे बुडातून चार-पाच फुटलेल्या. आग वरून गेली होती, मूळ खाली गारच होतं.

पाऊस झाल्यावर कोवळं गवत आलं. कोकणातून परतलेली धनगरांची मेंढरं आबांनी तिथे बसू दिली. वाटेत कऱ्हेकाठी त्यांनी वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या असणार, कारण जिथे लेंड्या पडल्या तिथे बाभळीची रोपं उठली. दाट गवतात असलं रोप दबून जातं. इथे जमीन जळून मोकळी, उरलेलं गवत मेंढरांच्या पोटात. दिवाळीपर्यंत रोपं गुडघ्याला लागली.

मी विळा घेऊन गेले. मूठभर गवत धरलं की तळहातात काटा. रिकामी परत आले.

सासूबाई म्हणाल्या, "म्हशीला काय बोराटी घालणार हायस व्हय? जा, पैसं माग."

"तुमी चला की संगं."

"म्या न्हाय. पैसं तू दिलंस."

दोनदा मी आबांच्या दारातून नुसतं ख्यालीखुशाली विचारून परतले. मग एकदा ते माळावरच भेटले. विळा पुढे करून मी म्हटलं, "आबा, एक पेंढी तुमी कापून दावा."

"म्हाताऱ्याची परीक्षा घेतीस व्हय?" ते हसत वाकले, गवताची मूठ धरली आणि हात झटकला. अंगठ्यात बाभळीचा काटा.

"ही कवा आली गं?"

"मेंढरं बसली तितं आली."

"आन बोराटी?"

"ती गेलीच नव्हती, आबा."

आबांनी अंगठ्यातला काटा उपसून काढला. गवताचं त्यांचंही उत्पन्न बुडालं होतं, हे मला तेव्हा उमगलं. निम्मे पैसे त्यांनी त्याच दिवशी दिले. उरलेले संक्रांतीनंतर, बोकडं विकल्यावर, स्वतः घरी आणून दिले. सासूबाईंनी मोजले. पुरे भरले.