नव्याण्णवची रांग

आमच्या ऑफिसात धूळ आणि किस्से, दोन्ही आज झाडले तरी उद्या तेवढेच! धूळ येते खालच्या कापडाच्या गोडाऊनमधून आणि किस्से आम्हा चौघांमुळे. आता प्रोजेक्ट गुंडाळायची भाषा सुरू झालीय. म्हटलं, कॉम्प्युटर जातील तेव्हा जातील, हे तरी सांगून टाकावं. तुम्हाला हसायला आलं तर हसा. मला हल्ली फारसं येत नाही.

आधी आम्ही करतो काय ते सांगते, कारण भिवंडीजवळच्या या वळ गावात हे कुणाला पटतच नाही. जगभरच्या दुर्बिणींनी घेतलेली ताऱ्यांची मोजमापं सगळ्यांसाठी खुली असतात. कुणीही घ्या, वापरा. पण ती असतात लांबच लांब तक्त्यांत, नुसते आकडे. ते तक्ते शोधून, उतरवून, पडद्यावर आकाशाचा नकाशा आणि आलेख मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. भिवंडीत, गोडाऊनच्या माळ्यावर! भाडं स्वस्त, दुसरं काय?

दळवी सर आमचे प्रमुख. भोईर इथल्याच टेमघर गावचा, तो कोड लिहितो. अन्सारीचं घर लूमवाल्यांचं, तो नकाशे आणि आलेख बघतो. मी कांबळे. टेस्टिंग करते आणि जगभरातून येणाऱ्या तक्रारींना उत्तरं देते. संध्याकाळी खिडकीतून बघावं तर गोडाऊनचे हॅलोजन. तारे आम्हाला फक्त पगारी वेळेत दिसतात.

*

एकदा भर दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच बसलेला. सर्व्हर बंद. थोड्या वेळात माझ्या मोबाइलवर परदेशातल्या एका प्राध्यापकांची मेल. विषय काय, तर ‘तुमचं आकाश दिसत नाहीये’!

मी म्हटलं, “सर, काय लिहू?” सर डोकं धरून बसलेले. अन्सारी म्हणाला, “लिखो ना ताई, लाइन पे काम चालू है, शाम तक आकाश आ जाएगा.”

मी खरंच तसं कळवलं! लगेच उत्तर आलं, “काही घाई नाही. मी ज्या ताऱ्याकडे बघतोय तो एव्हाना विझलेलाही असेल.”

सर म्हणाले, “प्रिंट काढून भिंतीवर लावा. आपल्या फंडिंगबद्दलही हेच उत्तर आहे.” तो कागद अजून आहे. कोपरे पिवळे पडलेत.

*

अन्सारी नवीन होता तेव्हाची गोष्ट. त्यानं एका तक्त्यावरून आलेख काढला. वरच्या बाजूला ताऱ्यांचा नेहमीसारखा पुंजका. आणि पार तळाला, पट्टीनं मारावी तशी सरळ रेष. जवळ जाऊन बघितलं तर रेष नाही, ठिपके! हजारो तारे एका रांगेत!

हा पठ्ठ्या गप्प राहील? लगेच घरी फोन. “अब्बा, कुछ मिला है. किसी ने नहीं देखा अब तक.” त्याच्या अब्बांनी कारखान्यात लूम थांबवून जिलेबी वाटली. आमच्यासाठीही किलोभर आली.

भोईर जेवून वर आला. एक जिलेबी तोंडात टाकली, पडदा बघितला आणि म्हणाला, “ह्ये व्हय! अरं, ह्यो नव्याण्णव हाय.”

झालं असं होतं, की तारा असतो, त्याची जागा माहीत असते, पण त्याचं तेज कुणी मोजलेलं नसतं. मग तक्त्यात त्या रकान्यात ‘नव्याण्णव’ घालतात. एवढा मोठा आकडा कुठल्याच ताऱ्याचा येत नाही, त्यामुळे चटकन कळतं की हे मोजायचं राहिलंय. हे आकडे वगळले नाहीत तर तेवढे सगळे तारे आलेखाच्या तळाला, जिथे मोठे आकडे येतात तिथे, रांगेत उभे राहतात.

अब्बा अजून विचारतात, “बेटा, वो तेरी लाइन का क्या हुआ?” अन्सारी सांगतो, “काम चालू है.”

*

तेव्हापासून नव्याण्णव आमच्या बोलण्यात घुसलं. “सर, मीटिंग कधी?” “नव्याण्णव.” “कांबळेबाई, लग्नाचं काय?” “नव्याण्णव!” म्हणजे नाही असं नाही, हो असंही नाही. माहीत नाही, बास. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट राहणार का, असं मी परवा सरांना विचारलं. त्यांनी नुसतं बोट कपाळाला लावलं, नशिबात असेल ते, अशा अर्थानं.

*

सरांचीही एक सांगते. अकलोलीच्या शाळेत ते आमचं सॉफ्टवेअर दाखवायला गेले. संध्याकाळचा कार्यक्रम, सगळं गाव जमलेलं. सरांनी एक आकाशगंगा उघडली, एवढ्यात फट्‍! सगळ्या गावाची लाइट गेली.

पोरं अंगणात आली. वर हे एवढं आकाश! सर आमचे जन्मभर ठाण्यात राहिलेले. वर बघून म्हणाले, “एवढे असतात?”

एका पोरीनं त्यांचा शर्ट ओढला. “सर, ह्ये झूम कसं करायचं?”

 

*

आता जे सांगते, ते घडलं तेव्हा त्याचा अर्थ मला लगेच कळला नव्हता. एका विद्यार्थ्याची तक्रार आली, की तुमचा नकाशा बिघडलाय, पडदा नुसता पांढरा पडलाय. बघते तर काय, या शहाण्यानं सगळ्या नव्याण्णवच्या जागी शून्य भरलेलं! आता ताऱ्यांचा हिशेब उलटा असतो. आकडा जेवढा लहान तेवढा तारा झगझगीत. शून्य म्हणजे आकाशातल्या सगळ्यात ठळक ताऱ्यांतला. त्यामुळे ज्यांचा काही पत्ता नाही, तेच सगळ्यात लख्ख दिसायला लागले आणि बाकीचे त्यांच्या उजेडात गडप!

आम्ही हसलो. भोईर मात्र असा चिडला! एरवी गरीब गाय तो. टेबलावर थाप मारून म्हणाला, “शून्य कोन भरतंय? शून्य म्हंजे मोजलं. नव्याण्णव म्हंजे मोजलंच न्हाय. यक हाय का दोन्ही?” आणि जिन्यात जाऊन बसला. चहा गार झाला तरी आला नाही.

मी अन्सारीला विचारलं, “याला काय झालं रे?” अन्सारी म्हणाला, “ताई, उसका भाई.”

भोईरचा मोठा भाऊ, दिलीप. जमिनीवरून काकाशी भांडण झालं, चपला घालून घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. फोन बंद. गेला कुठे, आहे की नाही, काही म्हणजे काही कळलं नाही.

*

खाडीत बेवारस प्रेत सापडलं की भोईरला पोलीस स्टेशनमधून फोन यायचा. ओळख पटवायला या. एकदा त्याच्यासोबत अन्सारी गेला होता.

दुपारी दोघं परत आले. भोईरच्या हातात वडापावची पिशवी. “घ्या, घ्या, आपला न्हाय!” असं म्हणत सगळ्यांना वाटत सुटला. खालच्या हमालांनाही देऊन आला. स्वतः तीन खाल्ले. मी त्याला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. मीही खाल्ला. नाही कसं म्हणायचं?

अन्सारीनं मात्र आपला वडापाव तसाच कागदात ठेवला. मी म्हटलं, “खा ना रे.”

तो हळूच म्हणाला, “किसी का तो था, ताई.”

*

दिलीपला जाऊन सात वर्षं झाली. इतकी वर्षं माणसाची खबर नसली तर कोर्ट त्याला मेलेला धरू शकतं, असं वकिलांनी सांगितलं. काकाला तेच हवं होतं. जमिनीवर गोडाऊन बांधायला पार्टी तयार, अडलं होतं ते दिलीपच्या सहीवर. मेला म्हटलं की सही नको. काकानं भोईरच्या डोक्यावर बसून त्याला तयार केलं. भोईरही थकला होता हो! आम्हाला म्हणाला, “यकदा काय ता होऊन जाऊ दे. किती प्रेतं बघू?”

राहिली आई. कोर्टात तिनं एकच वाक्य बोलायचं होतं, माझा मुलगा आता नाही.

वकिलाकडून परतताना ती आमच्या ऑफिसात आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात डबा. तांदळाच्या भाकरी आणि बोंबील! मला म्हणाली, “बाय, माझा पोर हितं काय करतंय ता मना दाव.” भोईर लाजून सरांच्या केबिनमध्ये पळाला.

अन्सारीच्या पडद्यावर नेमका आलेख उघडा होता. म्हातारीनं चष्मा सावरला, वरच्या पुंजक्याकडे ढुंकून बघितलं नाही, तळाच्या रांगेवर बोट ठेवलं. “ह्ये खाली कोन?”

अन्सारी म्हणाला, “काकी, हे नव्याण्णव. तारे आहेत, पण मोजले नाय कोणी.”

“हायत ना पन?”

“आहेत ना! आकाशात जागा आहे त्यांची.”

“मंग पुसत का न्हाय? उगा रांग लावलीय.”

“पुसायचं नसतं, काकी. कल कोई मोजेल, तर उठून वर जातील, आपल्या जागेवर.”

म्हातारीनं पडद्यावरचं बोट काढलं. मग डबा उघडून म्हणाली, “जेवा रं. गार व्हतंय.” आम्ही जेवलो.

*

तारखेला आम्ही तिघंही गेलो. भोईरनं बोलावलं नव्हतं, पण गेलो. काका इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या बाकावर. भोईरचा जबाब आधीच झालेला. त्यानं मान खाली घालून सांगितलं होतं, भाऊ हयात नाही असं मी मानतो. आमच्याकडे त्यानं बघितलंच नाही.

मग आई पिंजऱ्यात उभी राहिली. वकिलांनी आवाज चढवून विचारलं, “मावशी, तुमचा मुलगा दिलीप. सात वर्षं झाली. आता तो या जगात नाही, असंच ना?”

म्हातारी एक पाऊल मागे सरकली.

जज साहेब चांगले होते. सबुरीनं म्हणाले, “आजी, घाबरू नका. मुलगा आहे की नाही, तुम्हाला वाटतं ते एका शब्दात सांगा.”

तिनं पदर सारखा केला. आधी भोईरकडे बघितलं, मग मागे अन्सारीकडे.

“नव्याण्णव, सायेब.”

काका ताडकन उठला. वकील म्हणाले, “मावशी, हे काय बोलताय?” जज साहेबांनी भोईरकडे बघितलं. “तुमची आई काय म्हणतेय?”

भोईर उठला. बाकाची कड घट्ट धरून उभा राहिला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

“बरोबर सांगतेय ती, सायेब,” तो म्हणाला. “माजा जबाब खोडा. तिचा लिवा.”