माहा गया आणि तीन नंबर

आमच्याकडे गळ्याला 'गया' म्हणतात. भातकुलीजवळच्या आमच्या गावात डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो. अमरावतीला कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात मॅडमना म्हणाले, "मॅडम, गया बसला." मागच्या बाकावरून आवाज आला, "कहाँ गया?" सगळे हसले. तेव्हापासून तोंड उघडण्याआधी मी वाक्य एकदा मनात म्हणून बघते.

दुसऱ्या वर्षाला राजापेठेतल्या खोलीवर माझ्या मैत्रिणीला माझ्या गळ्यावर उजवीकडे गाठ दिसली. पाणी गिळलं की ती वरखाली व्हायची. सोनोग्राफीत कळलं की गाठ थायरॉइडची आहे. मग सुई घालून पेशी तपासायला अकोल्याला गेलो, कारण काका तिथे धान्यबाजारात असतात आणि घरातलं दवाखान्याचं सगळं तेच ठरवतात.

रिपोर्ट काकांच्या घरी उघडला. तो इंग्रजीत होता, आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. बाबा म्हणाले, "वाच." त्यात 'कॅटेगरी तीन' असं होतं आणि पुढे एक लांबलचक शब्द होता. तो मला येत नव्हता. येत नाही, असं सांगायची लाज वाटली, म्हणून मी तेवढं 'तीन'च मोठ्यानं वाचलं.

"तीन म्हंजे तिसरी स्टेज," काका म्हणाले.

आई रडायलाच लागली. काकांनी तिथेच ठरवलं: थायरॉइड पूर्ण काढायची, या वर्षीची परीक्षा सोडायची. मी काही बोलले की एकच उत्तर, "जीव राह्यला त कॉलेज हाय."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तो शब्द मोबाइलवर शोधला. अर्थ निघाला, ठरवता न येणारं. कॅन्सरच्या स्टेजचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. मी न वाचलेल्या एका शब्दामुळे माझं घर दोन दिवस रडत होतं.

मग काकांना घेऊन रिपोर्ट दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टर बाईंनीही तेच सांगितलं. असे रिपोर्ट सहा खणांत वाटतात, तीन हा नुसता खणाचा नंबर आहे; या खणातल्या बऱ्याच गाठी साध्याच निघतात, काही निघत नाहीत. सोनोग्राफीत भीतीदायक काही दिसत नाही, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा सुई घालून बघता येईल.

"वाट कशाले पाहाची?" काका म्हणाले. "सगळंच काढून टाका."

डॉक्टर बाई माझ्याकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?"

मी मनात वाक्य म्हणून बघायलाच विसरले. "माहा गया हाय," मी म्हणाले. "मले थांबाचं हाय. परीक्षा द्याची हाय."

या वेळी कोणी हसलं नाही. काका तेवढे भडकले. "चार बुकं शिकली त डॉक्टरसमोर तोंड चालवून राहिली!"

"डॉक्टरनंच इचारलं ना गा तिले," बाबा हळूच म्हणाले. बाबा काकांपेक्षा मोठे, पण त्यांनी काकांना उलटून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ते तीन महिने मी शूरपणे काढले, असं म्हणणार नाही. आरसा दिसला की हात गळ्याकडे जायचा. आई रोज फोनवर विचारायची, "वाढली का वं?" मी अभ्यास करायची, विसरायची, पुन्हा करायची.

दुसऱ्या सुईचा रिपोर्टही तीनच आला. या वेळी मी एकूण एक शब्द वाचून दाखवला. तो लांबलचक शब्दसुद्धा, मराठी अर्थासकट.

डॉक्टर बाई म्हणाल्या, गाठ वाढलेली नाही. लक्ष ठेवत राहू शकतो, किंवा फक्त उजवी बाजू काढून तपासू. नक्की उत्तर काढल्यावरच मिळेल. या वेळी बाबांनीच विचारलं, "तू काय म्हनतं?"

मी विचार करायला दोन दिवस मागितले आणि मग सांगितलं: उजवी काढू, परीक्षेनंतर.

परीक्षा झाली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. उत्तर काय येईल, मला माहीत नाही. भीती वाटते. काल दवाखान्यात संमतीचा फॉर्म भरत होते. काका शेजारी बसून कुरकुरत होते, "संगमंग दोन्ही बाजू काढल्या असत्या त झंझट मिटली असती."

मी सही करता करता म्हणाले, "काका, डावीनं काय बिघडवलं तुमचं?"