गणपतीच्या अंगठ्यापर्यंत

कबूल करते, त्या दिवशी मी देवाचं नाव पुढे करून माझी भीतीच घेऊन निघाले होते. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुण्याच्या दवाखान्यात माझ्या सहीवाचून सगळं अडलं होतं. आमच्या गावात मोठ्या कामाआधी ग्रामदेवाला कौल लावतात. गुरवांनी देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर करावं, डावं पडलं तर करू नये. डावं पडलं. झालं! डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं, पण मी पडले हट्टी. ह्यांना घरी परत आणायचं ठरवूनच लोणावळ्याला एसटीत बसले.

वडगाव मावळ मागे पडलं आणि एसटी बंद पडली. दुसरी गाडी यायला तासभर लागेल, असं कंडक्टर म्हणाले. समोरच्या टेकडीवर तो भलामोठा गणपती बसलेला. येता-जाता खिडकीतून कितीदा हात जोडले असतील, पायाशी मात्र कधी गेले नव्हते. ऊन मी म्हणत होतं, तरी चढले. चौथऱ्याशी उभी राहून मान वर केली, तर मुकुट काही नजरेत मावेना. आणि मला एकदम रडूच कोसळलं.

तिथे झाडलोट करणाऱ्या एक वयस्कर मावशी जवळ आल्या, पाणी दिलं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, "आता ह्यालाच पुन्हा कौल लावते."

मावशी हसल्या. "लाव की! पर फूल कुटं लावशील? हात तरी पोचतोय का?" मग शेजारी टेकल्या. "बाय, ह्या देवाच्या कामावर मी घमेली वाहिल्यात. ह्याच्या मांडीवर बसून भाकर खाल्लीया. डोळं करायची येळ आली तवा कारागीर परांचीवर चढला, आन् आमी खाली हात जोडून हुबं. आपला हात पोचत न्हाई, तितं ज्याचा पोचतोय त्याला करू द्यावं. देवाला म्हणावं, त्याच्या हातात तू ऱ्हा."

"पण मावशी, डावा कौल..."

"पेरणी इचारावी, लगीन इचारावं. माणसाचा श्वास काय इचारून चालतोय व्हय?"

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. दुसरी गाडी तासाच्या आतच आली होती. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे बापडे. दवाखान्यात पोचले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली. मनात एवढंच होतं, देवा, माझा हात पोचत नाही.

हे बरे झाले. ग्रामदेवापुढे नारळ ठेवून चूक पदरात घे म्हणून विनवलं. गुरव म्हणाले, "वहिनी, भ्यालेल्या मनानं कौल लावू नये, मीच तेव्हा सांगायला हवं होतं."

मग दोघं टेकडीवर गेलो. मी मावशींच्या पायाशी वाकले, तर त्या चिडल्याच. "माझ्या काय पाया पडतीस? त्यो तितं बसलाय न्हवं!" ह्यांनी टाचा उंचावून हात वर केला. तो कसाबसा गणपतीच्या अंगठ्याला टेकला.

"एवढा पोचला, पुष्कळ झालं," हे म्हणाले.