कुंपणापलीकडची झाडं

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे आधीच सांगतो, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला कधी दिसलं नाही. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसलो. मग कोल्हापूरच्या विमानतळावर हंगामी नोकरी लागली. आमचं गाव विमानतळाला लागूनच. आमच्या रानात उभं राहिलं की तारेच्या कुंपणापलीकडं धावपट्टीचं टोक दिसायचं.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. विमान यायचं ते कधीमधी. एखादा मंत्री, एखादा कारखानदार. ज्या दिवशी विमान, त्या दिवशी सगळ्या जागेत जीव यायचा. जीप धावपट्टीवर दोन खेपा मारून कुत्री आणि म्हशी हाकलायची. आगीच्या बंबाचा भोंगा वाजवून बघायचा. वारा दाखवणारी कापडी पिशवी फाटली नाही ना, तेही बघायचं. प्रवाशांच्या खोलीतल्या खुर्च्यांवरच्या प्लॅस्टिकच्या खोळी मी काढायचो. विमान गेलं की परत चढवायचो. उरलेले दिवस आम्ही गवत वाढताना बघायचो.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

"विमानच येत न्हाय, तर तुला पगार कशाचा देत्यात?"

"आबा, सरकारी काम आहे. विमान येवो न येवो, माणूस लागतोच."

"सरकार कुणाला फुकाट च्या पाजत न्हाय," आबा म्हणायचे. "काय तरी काम काढून घ्यायचं असंल तुझ्याकडनं."

ते काम निघालं दिवाळीनंतर. साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "धावपट्टीच्या टोकासमोर कुंपणाबाहेर जी झाडं आहेत, त्यांची उंची पाहिजे. विमान उतरताना आडवी येतील अशी सगळी. झाड कुठलं, कुणाच्या रानात, सगळं वहीत लिहा."

"कशासाठी, साहेब?"

"वरून यादी मागितलीय."

टेबलावर एक नकाशा पसरला होता. कुंपणाच्या बाहेर, आमच्या गावाच्या अंगानं, त्यावर एक तांबडी रेघ दिसली. मी वाकून बघणार तेवढ्यात साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि त्या जागी जेवणाचा डबा ठेवला. त्यांना भूक लागली असेल. पण अकराला?

उंची मोजायला यंत्र नव्हतं. मला नववीचं गणित येत होतं. एक मीटरची काठी रानात उभी करायची, तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली मोजायची. त्यावरून उंची निघते. टेप, काठी आणि वही घेऊन मी बांधाबांधानं फिरायला लागलो. ऊन कलायच्या आत उरकायचं म्हणून पळत पळत. गावात टेप घेऊन रानात आलेला माणूस एकाच कामाचा असतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्या गावातच वाढलो होतो की.

पहिल्याच दिवशी आमचे चुलते, तात्या, बांधावर येऊन उभे राहिले. चारचौघं आणखी जमली.

"काय मोजालाईस?"

"झाडाची सावली."

"सावली?" तात्यांनी मागं बघितलं. "ऐकलं काय रं? कालेजात सावली मोजाय शिकीवत्यात. ए पावणं, त्या माझ्या म्हशीची बी मोजून जावा. केवढी भरती बघू."

सगळी हसली. पुतण्याला पावणं म्हटलं, ते मात्र तात्या हसत म्हणाले नाहीत.

मी काठी, सावली, विमान सगळं समजावून सांगितलं. तात्या म्हणाले, "जमीन जायाची असंल तर सरळ सांग की. झाडाला कशाला फुडं करतोस?"

आठ दिवसांत काय झालं ते सांगतो. कुंपणाच्या कडेनं जेवढी रानं होती, त्या सगळ्यांत रोपं लागली. आंबा, नारळ, सिल्व्हर ओक. उसाच्या सऱ्या मोडून रोपं लावली. जमीन सरकारात जाताना झाडाचा मोबदला वेगळा मिळतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तात्यांच्या बांधावर जाऊन म्हटलं, "अहो, झाडं आडवी येतात म्हणून तर यादी चाललीय. आणि तुम्ही नवीन लावताय! ही वाढली की मला ही पण लिहायला लागणार."

तात्या मागं वळून ओरडले, "ऐका! झाडं लावू नगा म्हंतोय! म्हंजे जमीन जातीया, पक्कं!"

दुसऱ्या दिवशी रोपं दुप्पट झाली.

घरी आबा बोलायचे बंद झाले. आमचं रान कुंपणापासचंच, पावणेदोन एकर. तेवढंच होतं. बांधावर मोठी चिंच. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "उद्या मी बरूबर येतो. तू काय लिवतोस ते मला वाचून दाखवायचं."

ते आले. टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. एकेक झाड झालं की मी वाचून दाखवायचो आणि ते मान हलवायचे. आबांना अक्षरओळख नव्हती. आमच्या चिंचेपाशी आलो तेव्हा म्हणाले, "हिची उंची जरा कमी लिव."

"नाही जमायचं, आबा. आहे तेवढीच लिहिणार."

"बापासाठी बी?"

"कुणासाठीच नाही. खोटं लिहायचं असतं तर शिकायचं कशाला?"

मी लिहिलं, चिंच, चौदा मीटर. माझं बरोबर होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी कामावरून आलो तर कोनाड्यात ठेवलेली वही नव्हती. आई म्हणाली, आबा गिरणीकडं गेल्यात. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याची दहावी झालेली. मी सायकल तशीच वळवली. गिरणी बंद होती, पट्टा उतरवलेला. गिरणीवाला पिठानं पांढऱ्या झालेल्या हातात माझी वही धरून वाचत होता आणि आबा बाकावर डोळे मिटून ऐकत होते.

"वैरणीच्या रानातला नारळ, अकरा मीटर."

"बरूबर. फुडं."

"विहिरीवरचा आंबा, नऊ."

"बरूबर."

मी वाचून दाखवलेलं सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं. ते पडताळून बघत होते. ज्या माणसानं मला पंधरा वर्षं शिकवलं, तो मी वाचलेलं दुसऱ्याकडून वाचून घेत होता. मी तिथं थांबलो नाही.

रात्रीच्या जेवणाआधी ते आले, वही जागेवर ठेवली. मी विचारलं, "झाली खात्री?"

"झाली. वहीत हाय ते खरं हाय."

"मग?"

"वहीत न्हाय ते सांग."

नकाशाचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांशी बेइमानी नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. मी सांगितलं. आबांनी चुलीपुढची राख हातानं पसरली आणि म्हणाले, "काढून दाखव."

मी बोटानं कुंपण काढलं, धावपट्टी काढली, मग रेघ.

"आपल्या चिंचंच्या अलीकडनं, का पलीकडनं?"

"नीट दिसलं नाही. त्यांनी गुंडाळला."

"जमीन जाणार काय रं?"

"मला ठाऊक नाही, आबा."

मला वाटलं, हेही त्यांना खोटं वाटणार. मी चिडून म्हटलं, "उद्याच सोडतो नोकरी. मग तर झालं?"

"सोडू नगंस," आबा म्हणाले. राख त्यांनी परत सारखी केली. "आत आपलं एक माणूस असल्यालं बरं. भाकरी खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेच्या आधी कामावर गेलो. साहेब यायचे होते. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं, रोज असायचं. नकाशाची गुंडाळी कपाटावर होती. टेबल पुसायचं फडकं माझ्या हातात होतं, म्हणजे आत जायला कारण होतं. तरी उंबऱ्यावर मी थांबलो आणि मागं कोणी नाही ना, ते बघितलं.