भावापासून चार हात लांब

मी सातवीत होते, भाऊ दुसरीत. आईबाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचे, म्हणून आम्हा दोघांना धुळे जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत टाकलेलं. तो माझ्याशिवाय जेवायचा नाही. ताट घेऊन मुलींच्या बाजूला यायचा, माझ्या मांडीला टेकून बसायचा आणि डाव्या हाताने माझं बोट धरून जेवायचा. खिचडी सांडायची, मी रागवायचे, तो हसायचा. मला त्याची कटकटच व्हायची, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी दहावीतली दोघं हातात हात घालून बसलेली कुणीतरी पाहिली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला अधीक्षिकाबाईंनी नियम सांगितला, मुलगा आणि मुलगी यांच्यात चार हात अंतर. जेवणाच्या शेडमध्ये चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली. मी बाईंकडे गेले. म्हटलं, बाई, तो माझा सख्खा भाऊ आहे.

"इथे सगळेच बहीणभाऊ," बाई म्हणाल्या. "तुला काय वेगळा कायदा?"

याच बाईंनी राखीपौर्णिमेला आम्हाला दोन रांगांत समोरासमोर बसवलं. जिच्यासमोर जो येईल, त्याला तिने बांधायची. माझ्यासमोर नववीतला एक दांडगा आला. भाऊ पाच जागा पलीकडे. तो उठून माझ्याकडे यायला लागला, तर सरांनी खांद्याला धरून खाली बसवला. कोण कुठली पोरगी, तिने त्याला राखी बांधली. मी त्या दांडग्याला बांधली. वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आमच्यासाठी. आजही आठवलं की डोकं फिरतं.

पण बाईंना किती दिवस शिव्या घालू? रेघ ओलांडणाऱ्याला जेवण संपेपर्यंत उभं करायचे. तीन दिवस तो तसा उभा राहिला, उपाशी. चौथ्या दिवशी पुन्हा आला आणि माझं बोट धरलं. मी सगळ्यांदेखत त्याचा हात झटकला. म्हटलं, "माझ्याकडे यायचं नाही. आलास तर मी तुझी बहीण नाही." त्याच्या पोटात दोन घास जावेत म्हणून बोलले. सात वर्षांच्या पोराला ते काय कळणार? तो मुकाट पलीकडे जाऊन बसला, जेवला. पुन्हा कधी आला नाही. महिन्याभराने बाईंनी शिस्तीचा मुलगा म्हणून त्याचं कौतुकही केलं.

आता मी जळगावात नर्स आहे, मेहरूणला राहते. तो धुळ्यात वायरमन आहे. गुणी आहे, सणाला न चुकता येतो, माझ्या घरचा पंखा बिघडला तरी धावत येतो. मागच्या वर्षी आई गेली. गावी पोहोचले आणि दारातच त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याचे दोन्ही हात खालीच. जरा वेळाने हळूच बाजूला झाला नि म्हणाला, "अक्का, पाणी पिऊन घे."

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. धीर करून मी त्याला सगळं सांगितलं, ताट, बोट, झटकलेला हात. म्हटलं, माझं चुकलं रे. तो मन लावून ऐकत होता, दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट ऐकावी तसा.

"मी तुझं बोट धरून जेवायचो?" त्याने विचारलं.

त्याला खरंच आठवत नव्हतं.