पाय पूर्वेला

कबरी खणणाऱ्याला सगळे फावड्या म्हणत. चिडली की बायकोही म्हणे. ती गेल्यापासून त्याला भांडायला हक्काचं माणूस उरलं नव्हतं. तेवढ्यात नवे फादर बदलून आले.

फादर शिकलेले होते आणि ते लपवत नसत. पहिल्याच रविवारी त्यांनी सांगून टाकलं की ख्रिस्ती धर्म म्हणजे माणसाच्या जाणिवेची वाटचाल. जाणीव लहान असते तेव्हा तिला स्वर्गाला फाटक लागतं, मोठी झाली की लागत नाही. मेलेले उठतात ते मातीतून नव्हे, मनातून. पुढच्या बाकांवरच्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या फावड्याच्या पोटात मात्र खड्डा पडला, आणि खड्ड्यांतलं त्याला कळत होतं.

आजवर त्याने प्रत्येकाचे पाय पूर्वेला ठेवले होते. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, सगळे उठतील, तेव्हा तोंडं उगवतीकडे हवीत. बायकोही तशीच झोपली होती. तिच्या शेजारची जागा त्याने स्वतःला राखली होती, आणि जुन्या रांगांत आता तेवढीच रिकामी होती.

"जागा संपत आलीय," फादर म्हणाले. "नव्या कबरी भिंतीलगत आडव्या घ्या."

"पाय उत्तरेला जातील."

"जाऊ देत. उठायचंय कुणाला?"

"मला."

फादर हसले. "अहो काका, तुमची बायको रोज तुमच्या मनात उठतेच की."

"उठते आणि भांडते. मला ती मातीतून उठायला हवीय."

"ही जाणिवेची बाल्यावस्था झाली."

"असेल. तुमची कुठली?"

तेव्हापासून बोलणं बंद. फावड्या आडव्या कबरी खणू लागला, आणि पेटी खाली सोडताना आतल्याची मोठ्याने माफी मागू लागला. नातेवाईक बिथरत. फादर दातओठ खात.

मग फादरांची आई गेली. सुजल्या डोळ्यांनी ते अवजारांच्या खोलीत आले.

"तिला जुन्या रांगेत जागा हवी."

"का?"

"ती जुन्या वळणाची होती."

"एकच उरलीय. माझी."

"काका, हात जोडतो."

क्षणभर फावड्याला वाटलं, द्यावी. मग डोळ्यांपुढे आलं: बायको उठणार, शेजारी बघणार, तर तिथे फादरांची आई! बायकोच्या तोंडाला कोण लागणार? त्याने कुदळ उचलली.

"भिंतीलगत खणतो."

प्रार्थनेत 'मेलेले उठतील' आलं आणि फादर पुढचं वाचायचं सोडून आडव्या खड्ड्याकडे बघू लागले. माती लोटता लोटता फावड्या त्यांच्या कानाशी आला.

"आईंना ऐकू बरं यायचं ना?"

"यायचं."

"मग झालं. कर्णा वाजला की उजवीकडे मान वळवतील. उगवती तिकडेच."

कच्चा खाऊ की काय, अशा नजरेने फादरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग राहवेना.

"नक्की उजवीकडेच ना?"