तांबूला मारलेली हाक

नवऱ्याला मी शाळेतल्या मारामाऱ्यासुद्धा सांगितल्या आहेत, पण हे नाही. भावांना नाही, मुलीला नाही. साठ वर्षं होत आली. तुम्हालाच का सांगते आहे — ते मलाही नीट कळत नाही.

वाघोलीत आज जिथे आमची सोसायटी आहे, तिथे आमची मेंढरं चरायची. आता लिफ्टमधून स्वेटर घातलेली कुत्री उतरतात आणि त्यांचे मालक त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात. मी अंग चोरून उभी राहते. मला कुत्री आवडत नाहीत, असा सगळ्यांचा समज आहे. असू दे.

आमचे दादा, म्हणजे वडील, मेंढरं राखणारी कुत्री तयार करायचे. पार कात्रजहून माणसं त्यांच्याकडे पिल्लू मागायला यायची. डोळे उघडायच्या आत दादा पिल्लाला मेंढ्यांत ठेवत, मेंढीच्या दुधावर वाढवत, लोकरीवर निजवत. घरच्यांना मात्र सक्त ताकीद — पिल्लाला हात लावायचा नाही, नाव द्यायचं नाही, घरातून भाकरी द्यायची नाही. त्याची भाकरी दादा स्वतः कळपाच्या मधोमध ठेवत. माणसाची चटक लागली की कुत्रं कळप सोडतं, असं ते म्हणत.

मी अकरा वर्षांची होते. तीन भावांच्या पाठची. दप्तर त्यांचं, पाटी त्यांची, माझं असं घरात काय होतं? त्या वर्षी एक तांबूस पिल्लू कळपात होतं. मी त्याला नाव दिलं — तांबू. मनातल्या मनात नाही, चांगलं तोंडाने.

शाळा सुटली की मी नगर रस्त्याच्या मोरीवर बसायची आणि जीभ टाळ्याला लावून टक्‌टक्‌ करायची. खिशात भाकरीचा तुकडा. पहिले तीन दिवस त्याने नुसतं पाहिलं आणि मेंढ्यांमागे गेला. चौथ्या दिवशी आला. कुणीतरी सगळं सोडून फक्त माझ्याकडे धावत येतंय — ते सुख मला पुन्हा तसं मिळालं नाही. नवऱ्याची माफी मागून सांगते.

वर्षभरात तांबू दांडगा झाला. सवय तीच राहिली.

त्या दुपारी दादा विहिरीवर गेले होते. मेंढरं टेकाडाच्या पलीकडे होती, तांबू त्यांच्यात. मी हाक दिली. तो आला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, मी त्याच्या कानातल्या गोचिड्या काढत बसले. मग पलीकडून मेंढरांचा ओरडा ऐकू आला. तो उठून सुसाट पळाला, त्याच्यामागे मी — पण लांडग्याने दोन कोकरं फाडली होती, तिसरं नेलं होतं.

दादा धापा टाकत आले. मला एवढंच विचारलं, "कुत्रं कुठं हुतं?"

"बाभळीखाली झोपलं हुतं," मी म्हणाले.

माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. तांबू शेजारीच उभा होता.

दादांनी त्याला मारलं नाही. कात्रजला चुलतभावाच्या गोठ्यावर देऊन टाकलं, दारात साखळीला बांधायला. नंतर पिल्लू मागायला कुणी आलं की म्हणायचे, माझ्या हाताला आता गुण राहिला नाही. पुन्हा एकही पिल्लू त्यांनी वाढवलं नाही. माझ्या एका वाक्याने त्यांना त्यांचा हात परत मिळाला असता. मार पडेल म्हणून गप्प राहिले? दादांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. मग का?

दोन वर्षांनी त्या चुलत्यांकडे लग्न होतं. गोठ्याच्या दारात तांबू बांधलेला होता, मानेवरचे केस साखळीने झिजलेले. मला पाहिलं आणि उठला. साखळी ताणून, मागच्या पायांवर उभा राहून कुईकुई करायला लागला. दादा माझ्या बाजूलाच होते.

"तुला वळखतंय की गं," ते हळू म्हणाले.

"कुत्री काय, समद्यांपुढंच शेपूट हलवत्यात."

दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग पाय धुवायला आत गेले.

मी आणि तांबू, दोघंच उरलो. आता त्याला हात लावायला कुणाची मनाई नव्हती. मी लावला नाही.